मागच्या कॅरियरवर कोण बसतं?

कॅरियर मोडलं तेव्हा एप्पो त्यावर बसलेला होता. शनिवारची दुपार, बंधाऱ्यावरचा रस्ता, समोरून वारा, आणि फ्रौके नेहमीप्रमाणे मान खाली घालून पायडल मारत होती. कडकन आवाज झाला, सायकल एकदम हलकी झाली. तिनं मागं वळून पाहिलं तर तिचा सहासष्ट वर्षांचा थोरला भाऊ कडेच्या गवतात बसला होता, काठी हातात तशीच, टोपीसुद्धा डोक्यावर तशीच. कशाला खोटं बोला, पहिल्या क्षणी तिला काळजी वाटली नाही. पायांवरचं ओझं गेलं म्हणून बरं वाटलं. काळजी नंतर आली, आणि तिच्या मागोमाग त्या बरं वाटण्याची लाज.

"लागलं का रे?"

"कॅरियर म्हातारं झालंय," एप्पो म्हणाला. "ओढणारीसारखंच. उचल मला."

एप्पोची नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली. सगळी गेली नव्हती. मधलं जग पुसलं गेलं होतं, कडा तेवढ्या शिल्लक होत्या. समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत नसे, कानाशेजारची भिंत दिसे. त्यामुळे सायकल सुटली, पण पत्ते सुटले नाहीत. दर शनिवारी शेजारच्या वेट्सम गावात त्यांचा पत्त्यांचा अड्डा भरे. पत्ते मोठ्या आकड्यांचे, नाकाच्या कडेला धरून बघायचे. तीन किलोमीटर जाताना फ्रौके त्याला मागं बसवून न्यायची आणि साडेचारला आणायला जायची. त्यांच्या मिडलवर्ड गावात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिथं बायको नवऱ्याला मागं बसवून नेते, पोरी मैत्रिणींना नेतात. वाटलंच तर कौतुक वाटायचं. "फ्रौके आहे म्हणून एप्पो आहे हो," असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. ऐकून ऐकून तिला त्या वाक्याचा वीट आला होता.

फ्रौके विर्सेमा सत्तावन्नाला टेकली होती. ग्रोनिंगेन शहरातल्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पथ्याच्या जेवणाचे ट्रे लावायची. बिनमिठाचं कुणाला, पातळ कुणाला, सगळं तिच्या तोंडपाठ. घरापासून अकरा किलोमीटर. एकतीस वर्षं जाऊन-येऊन, पावसात, बर्फात, आणि त्या वाऱ्यात, जो सकाळीही समोरून असतो आणि संध्याकाळीही. घरी यायची ती थेट बटाट्यांपाशी. सहाला जेवण. सहा वाजून पाच मिनिटं झाली की एप्पो काठीनं टेबलाच्या पायाला हलकेच टकटक करायचा. रागावून नव्हे बरं का, तो रागावत कधीच नसे. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

ती या घरात राहिली होती ती "आई आहे तोवर" असं ठरवून. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघा भावंडांनी ते तसं बोलून ठरवलं होतं, कॉफी पिता पिता. आई आठ वर्षांपूर्वी गेली. तोवर एप्पोचे डोळे गेले होते, आणि पुन्हा कुणी काही बोललं नाही. नगरपालिकेकडून सकाळी मदतीला बाई मिळते. फ्रौकेनं दोनदा त्याच्यापुढं तो कागद ठेवला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "परक्या बाईनं माझ्या कपाटात हात घालायचा? तू आहेस की."

तर कॅरियर मोडलं. सोमवारी काम सुटल्यावर फ्रौके सायकल ढकलत लुबर्टच्या दुकानात गेली. लुबर्ट शहराच्या उत्तर टोकाला तीस वर्षं सायकली दुरुस्त करत बसलेला माणूस. नखांत काळं, चष्मा कपाळावर. गिऱ्हाईक आलं की तो आधी वस्तू दाखवत नाही, तीन प्रश्न विचारतो. कुणी थेट बोट दाखवून "ते द्या" म्हणालं तर त्याला अपमान वाटतो.

"किती लांब जाता?"

"अकरा. येताना अकरा."

"बरं. काय नेता?"

आता हा प्रश्न काय अवघड आहे? डबा, रेनकोट, येताना भाजी, एवढं सांगायचं. फ्रौके उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच उभी राहिली, कारण तिच्या कोटाच्या आतल्या खिशात एक पत्र होतं.

पत्र चार दिवसांपूर्वी आलं होतं, ते इस्पितळाच्या पत्त्यावर, तिनं तसं लिहूनच ठेवलं होतं. शहरातल्या भाड्याच्या घरांच्या प्रतीक्षायादीत तिनं नाव घातलं होतं सोळा वर्षांपूर्वी, आई पडली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. का घातलं, तिलाच धड सांगता आलं नसतं. नाव वर वर सरकत राहिलं आणि ती बटाटे सोलत राहिली. आता नंबर लागला होता. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, कालव्याकडं तोंड करून बाल्कनी. किल्ली एक सप्टेंबरला. महिन्याच्या आत राहायला आलं नाही तर घर पुढच्याला. तिनं शुक्रवारी इस्पितळाच्या फोनवरून 'हो' सांगून टाकलं होतं.

"काय नेता?" लुबर्टनं पुन्हा विचारलं.

"थोडं थोडं," फ्रौके म्हणाली. "पण रोज."

लुबर्टनं चष्मा नाकावर घेतला, तिच्याकडं पाहिलं आणि पुढं खोदलं नाही. भला माणूस. त्यानं एक पिशवी काढली. गडद हिरवी, पाणी आत न जाणारी, तोंड गुंडाळून बंद करायची. मागं अडकवायचे दोन आकडे. त्यानं ती दुकानातल्या एका हलक्या कॅरियरच्या नळीवर टेकवली, टक् झालं आणि बसली. वरचा पट्टा एका हातानं ओढला की सुटली.

"ही घ्या म्हणतो मी. एका बाजूला एक, नाहीतर दोन्हीकडं. वजन खाली राहतं, सायकल डुलत नाही. पोचलात की काढायची, खांद्याला लावायची, जिना चढायचा. वाण्याकडं न्या, ऑफिसात न्या. अर्ध्या मिनिटाचं काम."

फ्रौकेनं ती हातात घेतली. रिकामी होती तरी हातात भरल्यासारखी वाटली. खांद्याला लावून बघितली. दुकानाच्या आरशात जी बाई दिसली ती कुठंतरी निघालेली होती, साध्या गोष्टीसाठी, ट्रे लावायला नव्हे. तिनं पिशवी पटकन उतरवली.

"आणि मागं कुणी बसतं का?" लुबर्टचा तिसरा प्रश्न.

"भाऊ. शनिवारी."

"केवढा?"

"ऐंशी किलो. जेवून."

लुबर्टनं तोंड वाकडं केलं. "मग ही चालणार नाही. आकडे त्याच्या मांडीत घुसतील. आणि हे हलकं कॅरियर तर नाहीच, सामानासाठी आहे ते. तुम्हाला जाड नळीचं पोलादी लागेल, थोडं लांब, नाहीतर टाचा पिशवीला थडकत राहतील. त्यावर ही." त्यानं खालच्या फळीवरून काळी दुहेरी पिशवी ओढली. दोन बाजूंना दोन खण, मध्ये जाड कापडाचा पट्टा, तो कॅरियरवर आडवा पसरायचा आणि खालून बकलांनी आवळून टाकायचा. मिडलवर्डमध्ये प्रत्येक सायकलवर हीच असते. एकदा बांधली की कुजून पडेपर्यंत कुणी काढत नाही. "मधला पट्टा बसायला गादीसारखा. पण निघत नाही बरं ही. सामान हातानं उचलून न्यावं लागेल."

फ्रौके बराच वेळ दोन्हींकडं बघत राहिली. निघणारी पिशवी घरी नेली तर एप्पो चाचपून बघणार. त्याचे हात सगळ्या घरावरून फिरायचे. पहिला प्रश्न येणार, "काढायची पिशवी? कुठं घेऊन जायचीय तुला?" आणि गाव तर काय, दुसऱ्या दिवशी कॉफीला तोच विषय. शिवाय शनिवार होताच. शनिवार टळत नव्हता.

"काळी द्या," ती म्हणाली.

हिरवी पिशवी लुबर्टनं परत खुंटीवर अडकवली. फ्रौकेनं तिकडं पाहिलं नाही.

एक सप्टेंबरला किल्ली मिळाली आणि तिचं घर हलायला लागलं, एका वेळी दोन खण. दुसरा मार्ग नव्हता. मिडलवर्डमध्ये पडदे कुणी ओढत नाही. समोरच्या दारातून एक खोकं बाहेर पडलं असतं तर शेजारची वुबीना हात पुसत आली असती, "काय गं, काढून टाकतेस का?" म्हणून. दोन दिवसांनी वेट्समच्या पत्त्यांच्या टेबलावर एप्पोला कळलं असतं. त्यापेक्षा पिशव्या बऱ्या. सकाळी साडेसहाला फुगलेल्या पिशवीकडं कोण बघतंय.

काय न्यायचं, याचा तिनं एक नियम केला होता. एप्पोचा हात ज्याला लागत नाही तेवढंच. हिवाळी बूट, शिवणाचा डबा, तिच्या खोलीतली पुस्तकं, उशी, पांघरुणं, आजीची काचेची वाटी, जी कपाटात सगळ्यात मागं होती. खुर्ची हलवायची नाही, किटली नाही, दिवाणखान्यातलं तर काहीच नाही. त्याचे हात दिवसभर त्या घरात फिरायचे, मोजल्यासारखे. दारापासून टेबल चार पावलं, टेबलापासून रेडिओ हात लांब केला की. ती चोरासारखी स्वतःच्याच वस्तू काढत होती, आणि प्रत्येक वस्तू काढताना तिला वाटायचं, ही माझी आहे की घराची? बऱ्याच वस्तूंचं उत्तर तिला देता आलं नाही. त्या तिथंच राहिल्या.

काम सुटलं की ती कालव्याकाठच्या त्या इमारतीत जायची. पिशवी निघत नव्हतीच, म्हणून सगळं कवेत घेऊन लिफ्टपर्यंत. एकदा उशी निसटली, एकदा बुटाचा एक पाय लिफ्टमध्ये राहिला आणि संपूर्ण संध्याकाळ वर-खाली फिरत राहिला. वर सामान ठेवायचं, खिडकी उघडायची, घड्याळ बघायचं. पाचला दहा कमी. मग खिडकी लावायची आणि अकरा किलोमीटर परत, कारण सहाला बटाटे. तिथं तिनं पाच मिनिटं बसूनसुद्धा पाहिलं नव्हतं. दिवसामागून दिवस तिचं एकेक सामान त्या खोलीत राहायला जात होतं आणि ती स्वतः तेवढी दर संध्याकाळी रिकाम्या पिशव्या घेऊन परत येत होती. तिसऱ्या आठवड्यात तिला एक भयंकर गोष्ट कळली. असं कितीही दिवस चालू शकलं असतं. सगळं नेऊन झालं असतं, महिना उलटला असता, आणि ती तरीही सहाला मिडलवर्डमध्ये बटाट्यांचं पाणी ओतत उभी असती.

रात्री पलंगावर पडली की तिची खोली पोकळ वाटायची. खोकलं तर घुमायचं.

आणि मग तिनं ती चूक केली. आता संडासाची गोष्ट सांगायला लाजायचं कशाला, तिकडं ती प्रत्येक घरात असते. दारामागं खिळा, आणि खिळ्याला वाढदिवसांचं कॅलेंडर. वार नसतात त्यावर, नुसते महिने आणि तारखा, त्यामुळे ते वर्षानुवर्षं तेच चालतं. बसलं की समोर. कुणाचा वाढदिवस चुकवणं म्हणजे त्या माणसाला मेला म्हणण्यासारखंच, आणि नुसतं ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करून भागत नाही, त्याच्या भावाबहिणींचंही करायचं. विर्सेमांचं कॅलेंडर आईच्या अक्षरात होतं. जे गेले त्यांच्या नावापुढं आईनं बारीक क्रूस काढला होता, आणि आईच्या नावापुढचा क्रूस फ्रौकेनं.

नव्या घरात सगळं होतं, तरी तिथं संडासात गेलं की समोर कोरं दार. ते घर वाटेना. लॉजमध्ये उतरल्यासारखं वाटे. एका गुरुवारी सकाळी तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि पिशवीत सरकवलं. मनाला सांगितलं, नावं उतरवून घेऊ, उद्या परत लावू. एप्पोला कुठं वाचता येतंय? दर रविवारी संध्याकाळी तो विचारायचा, "या आठवड्यात कोण?" आणि ती जाऊन वाचून यायची. कागद कसाही तिच्याच डोळ्यांचा होता. शुक्रवारी परत नेलं नाही. शनिवारी नाही. रविवारी त्यानं विचारलं तेव्हा ती संडासात गेली, रिकाम्या खिळ्यासमोर उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "कुणी नाही." ते खरंही होतं. पण चूक सुधारायची संधी होती आणि तिनं घेतली नाही. तिला ते परत लावायचंच नव्हतं.

महिन्यातला शेवटचा शनिवार उजाडला. फ्रौकेनं ठरवलं होतं, आज. एप्पोला पत्त्यांना सोडायचं आणि तिथूनच जायचं. वुबीनाचा नवराही त्याच अड्ड्यावर खेळतो, त्याची गाडी असते. त्याला तिनं आदल्या दिवशी एवढंच सांगितलं, "उद्या परत आणशील का एप्पोला?" नगरपालिकेचा कागद तिनं फ्रिजवर चुंबकानं लावला होता, सही सोडून सगळा भरलेला. फोनवर ठरलं होतं, सोमवारपासून बाई येणार, सही तिनंच एप्पोची घ्यायची. टेबलावर चिठ्ठी ठेवण्यात अर्थ नव्हता. सांगायला तर हवं होतं. दुपारी एकपर्यंत तिनं ते चार वेळा सांगायला घेतलं आणि चारही वेळा भलतंच काहीतरी बोलली. एकदा मोहरीच्या सुपाबद्दल.

दीडला एप्पो मागं बसला. दोन्ही खणांत शेवटचं सामान होतं, एकात इस्त्री. त्याचे पाय दोन्ही बाजूंनी पिशव्यांवरून लोंबत होते. नवं कॅरियर मुकाट्यानं झेलत होतं. बंधाऱ्यावर वारा समोरून आला.

"जड आहे आज," एप्पो मागून म्हणाला.

"तू जेवलास भरपूर."

"मी नाही. पिशव्या. टाचेला काहीतरी टणक लागतंय."

फ्रौके पायडल मारत राहिली. समोर सरळ रस्ता, एका बाजूला पाणी, एका बाजूला मेंढ्या. मागं ऐंशी किलो माणूस बसलेला असताना मध्येच थांबता येत नाही, तो आधी उतरायला हवा. तिला वळून त्याचं तोंडही बघता येत नव्हतं.

"खिळा रिकामा आहे," एप्पो म्हणाला.

"कुठला?"

"नऊ दिवस झाले. दार लावताना मी हात टेकतो तिथं. कागद सरकतो, सर्र असा आवाज होतो. चाळीस वर्षं होतोय. आता खिळा लागतो हाताला. आणि तुझी खोली घुमते. तू खोकलीस की कळतं. मी आंधळा होतोय गं, बहिरा नाही."

सायकल थोडी झोकांडली, त्यानं तिच्या कमरेचा कोट घट्ट धरला.

"कितवा मजला?" त्यानं विचारलं.

"तिसरा."

"लिफ्ट?"

"आहे."

"मग ठीक," एप्पो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुस्कारा होता, ओझं उतरल्यासारखा. "जिना मला जमला नसता. मला वाटलंच होतं तू काहीतरी बघत असशील. गावात आता आहे काय. पण माझा रेडिओ तूच ने, दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. आणि माझी खुर्ची पिशवीत बसायची नाही, तिचं काय करणार आहेस?"

फ्रौकेला वाटलं होतं तो ओरडेल, रडेल, उडी मारेल. या सगळ्याची तिनं तयारी केली होती. या 'ठीक'ची केली नव्हती. नऊ दिवस तो तिथं गप्प बसून वाट बघत होता, त्याचा नंबर कधी लागतो याची. तिच्या त्या एका खोलीत त्याची खुर्ची येऊन बसलेलीसुद्धा तिला दिसली, खिडकीच्या पुढ्यात, पाठ कालव्याकडं. सहाला बटाटे.

"एकच खोली आहे, एप्पो."

"पडदा लावू मध्ये."

"एकच खोली आहे. माझी आहे ती. मी एकटी जातेय. आजच." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला नाही आता होत. माझ्यानं नाही होत."

कोटावरची पकड सुटली. त्यानं कॅरियरची कड धरली असावी. मेंढ्या गेल्या, पूल गेला, पवनचक्की गेली. दीड किलोमीटर तिला त्याचं वजन नुसतं जाणवत राहिलं, नेहमीएवढंच, एक ग्रॅम कमी नाही. ती रडत होती, पण वारा समोरून होता, पाणी कानाकडं जात होतं.

वेट्समच्या सभागृहापाशी तो उतरला. काठी सावरली, टोपी नीट केली. मग सायकलच्या सीटवर हात ठेवून दर शनिवारी म्हणायचा तेच म्हणाला.

"साडेचार."

"वुबीनाचा नवरा आणेल तुला. मी सांगितलंय त्याला. सूप गॅसवर आहे, आणि सोमवारी..."

"साडेचार," एप्पो म्हणाला आणि आत गेला.

अडीचला फ्रौके आपल्या नव्या घरी पोचली. इस्त्री वर नेली. बाकीचं वर नेलं. मग काय करायचं ते तिला कळेना. करायला काही नव्हतं. खिडकीजवळ एक स्टूल होतं, ती त्यावर बसली, कोट घालूनच, किल्ली मुठीत. तीन वाजले. साडेतीन वाजले. वेट्समला साडेचारला पोचायचं तर पावणेचारला निघावं लागतं, हा हिशेब तिच्या पायांना तिच्याआधी आला. पावणेचारला ती उभी राहिली. दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. खाली सायकल होती, पिशव्या रिकाम्या, कॅरियर मोकळं. चारला ती परत येऊन बसली. सव्वाचारला तिच्या मनात सभागृहाच्या पायऱ्यांवर काठी टेकून उभा असलेला एप्पो आला, गाडीत बसायला नकार देणारा, रस्त्याच्या कडा बघत सायकलीची वाट बघणारा. साडेचारला कुठल्यातरी चर्चची घंटा वाजली. ती बसून राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं.

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला.

"घरी आलो," एप्पो म्हणाला. "गाडीत कुत्र्याचा वास येतो त्याच्या."

"सूप गरम केलंस?"

"आंधळा आहे, बाळ नाही." मागं रेडिओ चालू होता. "या आठवड्यात कोण?"

"आज शनिवार आहे. उद्या विचारतोस तू."

"उद्या इथं वाचून दाखवायला कोण आहे? आज सांग."

फ्रौके फोन कानाला धरून संडासात गेली. दारामागं खिळा तिनं स्वतः ठोकला होता, थोडा तिरका. आईचं अक्षर समोर आलं. "मंगळवारी आल्त्ये मावशी. एकोणनव्वद होतील."

"फोन करतो. आणि?"

"आणि शुक्रवारी मी."

"हं," एप्पो म्हणाला. मग अगदी सहज, मीठ मागावं तसं, "मग शुक्रवारी घ्यायला ये मला."

'हो' तिच्या ओठांवर आलं होतं. नऊ वर्षं ते तिच्या आधीच बाहेर पडत आलं होतं. तिनं तोंड मिटलं आणि कॅलेंडरला हात लावला. कागद दारावर सर्र सरकला, आणि तो आवाज फोनमधून पलीकडं गेला असणार, कारण पलीकडं एकदम शांत झालं.

"बसनं ये, एप्पो," ती म्हणाली.

"बसनं?"

"चर्चपासून सुटते. चढताना ड्रायव्हरला सांग, नीट दिसत नाही म्हणून. तो सांगेल कुठं उतरायचं ते. मी थांब्यावर उभी असेन."

"परक्या माणसाला सांगू? मला दिसत नाही म्हणून?"

"हो. परक्या माणसाला."

रेडिओवर हवामान सांगत होते, उद्याही वारा. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

शुक्रवारी तो येईल की नाही, फ्रौकेला ठाऊक नव्हतं. ती तिथंच थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर आली, किल्ली खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि कोट काढला.